धाकटीचं अंथरूण

दर रविवारी सकाळी हुडकेश्वरच्या घराच्या गच्चीवर आई धाकटीचं अंथरूण उन्हात टाकते. ते ओलं नसतं, मळलेलंही नसतं. कुणी वापरलेलंच नसतं. धाकटी जर्मनीत राहते, वर्षातून एकदा विजयादशमीच्या सुमारास येते आणि दिवाळीआधी परत जाते. बाकी सगळं वर्ष तिची गादी, उशी आणि आईने जुन्या लुगड्यांची शिवलेली गोधडी कपाटावर घडी घालून ठेवलेली असते. तरी आई ते सगळं खाली काढायला लावते, जिन्यावरून वर न्यायला लावते, कठड्यावर पसरायला लावते आणि दुपारी पुन्हा होतं तसं ठेवायला लावते. हे सगळं ज्या मुलीला करायला लावते ती मुलगी मी.

गादी खांद्यावर घेऊन जिना चढताना माझ्या मनात जे येतं ते मोठ्याने बोलण्यासारखं नसतं. आडवळणाने कशाला सांगू, मला धाकटीचा हेवा वाटतो. जर्मनीचा वाटतो, पण त्याहून जास्त या गादीचा वाटतो. कारण आईच्या घरात मला अंथरूण नाही.

मी रामदासपेठेत राहते. पहिल्या मजल्यावरच्या आमच्या फ्लॅटमधल्या समोरच्या खोलीत गेली अनेक वर्षं जर्मनचे वर्ग घेते. सकाळचा वर्ग संपला की स्कूटी काढायची आणि हुडकेश्वरला जायचं. आईच्या गोळ्या, भाजी, बँक, गॅसचा नंबर, पाण्याची टाकी, सगळं उरकायचं. तिच्याबरोबर जेवायचं आणि संध्याकाळच्या वर्गासाठी परत यायचं. बाबा गेल्यापासून हा क्रम चुकलेला नाही. तरी शेजारच्या बाईंनी "पोरी येतात का?" असं विचारलं की आई म्हणते, "लहानी आली व्हती ना वं मागच्या दसऱ्याले. चांगली राहून गेली." आणि मोठी? "मोठीचं काय, ते येते-जाते."

येते-जाते! त्या दोन शब्दांत माझी सगळी वर्षं गेली.

यात आईचा एक हिशेब आहे आणि तो तिच्या घराच्या रिवाजातून आलेला आहे. विजयादशमीला दीक्षाभूमीवर येणारी आमची गावाकडची माणसं दरवर्षी आमच्याकडे उतरतात. बाबा कोराडीला वीज केंद्रात होते तेव्हा ती क्वार्टरवर उतरायची, आता हुडकेश्वरला उतरतात. पायरीवर चप्पल काढता काढताच आई पहिला प्रश्न विचारते, "वस्तीले राहून राहिले ना?" पाहुणा हो म्हणाला की त्याचं अंथरूण निघतं. नाही म्हणाला, संध्याकाळच्या गाडीने जातो म्हणाला, तर त्याला चहा मिळतो, जेवण मिळतं, पण आईच्या दृष्टीने तो आलेलाच नसतो. वर्षभराने त्याचा विषय निघाला की ती बेधडक सांगते, "तो कुठी आला व्हता?" एका मामेभावाने दिवसभर राबून माझ्या लग्नाचा मांडव घातला होता, तोही या हिशेबात नाही. ज्याने रात्र काढली तोच आला.

या हिशेबाने मी कधी आलेलीच नाही.

धाकटीला जर्मन मी शिकवलं. ती नर्सिंग करून एका दवाखान्यात लागली होती, पगार यथातथाच होता, आणि माझ्या वर्गातली मुलं एकेक करून तिकडे जात होती. मीच तिला म्हटलं, बस माझ्यासमोर. आमच्या जेवणाच्या टेबलावर मी तिच्याकडून एकेक क्रियापद घोटून घेतलं. ती जांभया द्यायची, "ताई, हे काहून असं हाय?" म्हणायची. काहून असं आहे हे सांगायला मला फार आवडायचं आणि तिला ते ऐकायचं नसायचं. परीक्षा पास झाली, गेली. मी अजून गेलेली नाही. आधी सासूबाई अंथरुणाला खिळल्या होत्या, नंतर आई एकटी पडली, आणि मग जातेस का म्हणून विचारणारं कुणी उरलं नाही. आता मी तिला फोनवर तिकडच्या कुणाशी बोलताना ऐकते तेव्हा निम्मे शब्द ती गिळते आणि समोरच्याला ते कळतात. मी सगळे शब्द नीट उच्चारते आणि मला ऐकायला कोण असतं, तर पुढच्या वर्षी निघून जाणारी पोरं.

आणखी एक. ती तिकडे राहून अजून आईसारखं बोलते, मले, तुले, काहून, सगळं जसंच्या तसं. मी इथे राहून शाळा-कॉलेजात ते घासून टाकलं. ती आली की दोघी स्वयंपाकघरात अशा काही हसतात की मी आत गेले तर पाहुणी वाटते. मी तोंड उघडलं की आई धाकटीला डोळ्याने खुणावते आणि म्हणते, "पुण्याची आली."

गेल्या वर्षी आमच्या भागातल्या वाचनालयाने मला व्याख्यान द्यायला बोलावलं. भाषेची आवड असलेली वीस-पंचवीस माणसं महिन्यातून एकदा जमतात, त्यांच्यासमोर बोलायचं होतं. मी विषय घेतला तो माझ्या आवडत्या क्रियापदाचा. आता हे क्रियापद कुणी बोललेलं ऐकलेलं नाही आणि कुणी लिहूनही ठेवलेलं नाही. जर्मन, इंग्रजी, डच, स्वीडिश या बहिणींची जी आई, त्या आदिजर्मानिक भाषेतलं ते आहे. ही आई स्वतः काहीच मागे न ठेवता गेलेली. मग अभ्यासक काय करतात, तर लेकींना समोरासमोर बसवतात. हिच्याकडे काय आहे, तिच्याकडे काय आहे, कुणी काय बदललं, कुणी काय जपलं, हे ताडून पाहतात आणि आईकडे काय असलं पाहिजे ते ठरवतात. असा ठरवलेला शब्द लिहिताना त्याच्या आधी एक छोटी तारका काढतात. तारका म्हणजे कबुली, की बाबांनो, हा आमचा अंदाज आहे, पाहिलेला कुणीच नाही.

माझा शब्द होता *वेसनँ. अर्थ असणे, राहणे. जर्मनमध्ये 'होतो, होते' या अर्थाचं जे 'वार' आहे ते यातून आलं, असण्याचंच दुसरं भूतकाळी रूप 'गेवेझन' यातून आलं, इंग्रजीतलं 'वॉज' यातूनच आलं. त्या घरातली सगळ्यात जुनी लिहिती लेक म्हणजे गॉथिक. तिच्याकडे 'विसन' आहे. याच्याही मागे गेलं की आणखी जुन्या आईचा धातू लागतो, आणि तिथे आपल्याकडचं संस्कृत मदतीला येतं. वस्, वसति. नेसण्याचा वस् वेगळा. हा राहण्याचा, ज्याच्यापासून निवास आला, प्रवास आला, उपवाससुद्धा आला. या सगळ्यांना ताडून त्या मूळ धातूचा अर्थ जो लावतात तो नुसता राहणे असा नाही. मुक्काम करणे, रात्र काढणे असा आहे. आधी रात्र काढणे होतं, मग राहणे झालं, मग असणे.

जर्मनच्या 'असणे' या क्रियापदात अशी तीन वेगवेगळी मुळं आहेत. 'इस्ट'मध्ये आपलं अस् आहे, 'बिन'मध्ये भू आहे आणि 'वार'मध्ये हे वस् आहे. तीन जुन्या लुगड्यांची एक गोधडी शिवावी तसं ते आहे. हे वाक्य मला व्याख्यानासाठी सुचलं तेव्हा मी स्वतःवर भलतीच खूश झाले होते. तयारी करताना एका दुपारी मी आईच्या घरीच कोश उघडून बसले होते. मूळ अर्थ, रात्र काढणे, असं वाचलं आणि त्याच वेळी बाहेर आई फोनवर कुणाला तरी विचारत होती, "वस्तीले रायसान ना?" मला आनंद व्हायला हवा होता. पाच-सहा हजार वर्षांपूर्वीचा म्हणून जो अर्थ विद्वानांनी तारका लावून बसवला तो पुढच्या खोलीत जिवंत होता. पण मी कोश मिटून टाकला. म्हणजे त्या पहिल्या आयांचाही हिशेब हाच होता म्हणायचा! रात्र काढली तोच आहे. बाकीचे येतात-जातात.

व्याख्यान धाकटी आलेली असतानाच पडलं. ती आली, आईलाही घेऊन आली, दोघी पहिल्या रांगेत बसल्या. मी चांगली बोलले, खोटं कशाला सांगू. गोधडीच्या वाक्याला लोकांनी माना हलवल्या. व्याख्यान संपलं, चहा आला आणि पाहते तर आईने धाकटीचा दंड धरून तिला माणसांमधून फिरवायला सुरुवात केली होती. "हे माही लहानी. जर्मनीहून आली. तिथीच राहते." झालं. माझं व्याख्यान ऐकायला आलेली माणसं धाकटीभोवती जमली. तिथे थंडी किती असते, पगार किती, आमच्या भाच्याला यायचं आहे. एक निवृत्त गृहस्थ म्हणाले, "थोडं खरं जर्मन बोलून दाखवा की." खरं! मी तासभर जे बोलले ते काय होतं? धाकटीने दोन वाक्यं बोलून दाखवली. दुसऱ्यात 'गेवेझन' होतं. टाळ्या पडल्या. मी कपातला चहा तसाच ठेवला आणि खुर्च्या आवरायला लागले. मला कुणी आवरायला सांगितलं नव्हतं.

परतताना रिक्षात आई म्हणाली, "चांगली बोलली वं तू. पण तुह्या बोलण्यात लहानीचं नाव काहून नाही घेतलं?"

मी रिक्षावाल्यालाच रस्ता सांगत राहिले, जो त्याला माहीत होता.

धाकटी गेली त्याच्या पुढच्या रविवारी मी हुडकेश्वरला गेले तेव्हा अंथरूण अजून खालीच होतं. आईने चादरी धुतल्या होत्या. दुपारी जेवण झाल्यावर ती नेहमीसारखी पलंगावर लवंडली. नेहमीसारखी म्हणजे अगदी कडेला. एवढा मोठा पलंग आणि ही बाहेरच्या कडेला अशी झोपते की अंग वळवलं तर खाली पडेल. भिंतीकडची अर्धी जागा रिकामी. यावरून मी तिला कितीदा ओरडले आहे, एकदा तर कडेला लोड आणून लावले होते. ते तिने पाहुण्यांना देऊन टाकले.

"आई, सरक ना आत," मी म्हटलं. "पडशील एखाद्या दिवशी."

"नाही पडत. तू ते आधी वर ठेव, माती बसून राहिली त्याच्यावर."

ते म्हणजे धाकटीचं अंथरूण. आणि कसं कोण जाणे, इतकी वर्षं गिळलेलं सगळं वर आलं. मी गोधडी उचलली आणि तशीच खाली टाकली.

"नाही ठेवत," मी म्हटलं. "माझं अंथरूण कुठंय या घरात? रोज मी येते. तुझं सगळं मी पाहते. गावाकडच्या त्या चुलतमावशीचं अंथरूण आहे, तिच्या जावयाचं आहे. ही वर्षातून एकदा येते तर तिची गादी वर्षभर उन्हात. आणि मी? माझं काय आहे इथं? एक उशी तरी आहे का?"

विद्वानांचं ठीक आहे, त्यांची आई हजारो वर्षांपूर्वी गेलेली. त्यांना लेकींवरूनच ताडावं लागतं. माझी आई समोर पलंगावर होती आणि मी मात्र तेच करत बसले होते. हिला काय दिलं, मला काय दिलं. विचारायचं कधी सुचलंच नव्हतं.

आई उठून बसली. आधी तिला वेगळीच शंका आली. "काहून वं, जवाईबापूसंग भांडण झालं काय?"

"नाही झालं. तू उत्तर दे."

"बह्याडी झाली काय तू? तुले कायले पाहिजे अंथरून?" मग खाली पडलेल्या गोधडीकडे बोट करून म्हणाली, "ते दे इकडं."

मी गोधडी उचलून दिली. आईने तिचा कोपरा उलटा केला आणि शिवणीत बोट घालून आतला थर बाहेर ओढला. वरच्या हिरव्या लुगड्याच्या आत जांभळं होतं, त्याच्या आत फिकट गुलाबी, बारक्या फुलांचं कापड. ते लुगडं नव्हतं. फ्रॉकचं कापड होतं.

"वळखते काय?"

मी ओळखलं नाही.

"तुह्या झबल्या-फ्राकाचं हाय. कोराडीले व्हतो तवा हे मी तुह्यासाठी शिवली व्हती, एवढीशी. लहानी झाली, मंग दोघीले कुठी घेऊ, खाट तं एकच. म्हटलं मोठीले अलग टाकू. नवी गोधडी पायली का खूश होईन पोट्टी." ती थांबली आणि हसली. "एवढी रडली तू, एवढी रडली. आजूबाजूच्या क्वाटरातून बाया आल्या. मले अलग नोको, मले अलग नोको, एकच धोशा. तुहे बाबा म्हणे, राहू दे बाई. मंग लहानीले हे गोधडी दिली, तिले पाळण्यात टाकली, अन् तुले घेतली भिताडाकडं. ते मोठी झाली तसे मी हिच्यावर थर चढवत गेली. पण तुले काई मी अलग टाकलं नाही. तवाच ठरवलं, इले अलग अंथरून करायचं नाही."

"आणि म्हणून..."

"म्हणून काय? भिताडाकडं जागा हाय ना. रोज तं ठेवते." तिने रिकाम्या अर्ध्या पलंगावर हात आपटला. "तूच नाही थांबत. जेवली का निंगाली. मी काय धरून ठेवू?"

मला यातलं काही आठवत नाही. रडणं आठवत नाही, गोधडी आठवत नाही. कोराडीचं आठवतं ते दोरीवरच्या कपड्यांवर बसणारी राख आणि बाबांच्या शिफ्टचा भोंगा. पण मी ते कापड बोटांत धरून बराच वेळ बसले. मग गोधडी गादीवर ठेवली, गादीची घडी घातली आणि सगळं कपाटावर चढवलं. आईने सांगितलं म्हणून नाही.

संध्याकाळच्या वर्गाला मी सुट्टी दिली. नवऱ्याला फोन करून सांगितलं की आज मी आईकडे आहे, भात लावून घे. त्यानेही आधी आमचं भांडण कधी झालं तेच आठवून पाहिलं.

दिवेलागणीला धाकटीचा फोन आला. तिकडे दुपार असते, दवाखान्यातून सुटून ती ट्राममध्ये बसली की इकडे फोन लावते. आई स्वयंपाकघरात होती म्हणून मी उचलला.

"ताई? तू अजून तिथीच? घरी नाही गेली?"

"नाही," मी म्हटलं. आणि पुढचं तोंडातून असं निघालं की माझं मलाच नवल वाटलं. "वस्तीले राहिली."

तिच्या मागे ट्रामची घंटा वाजली. मग ती म्हणाली, "मस्त वं. माह्यं अंथरून घे ना मंग. आईनं उन्हात टाकलं असन."

ते अंथरूण मुळात कुणाचं होतं, आत कुणाच्या फ्रॉकचं कापड आहे, मी ते का घेतलं नव्हतं, हे सगळं तिला सांगता आलं असतं. बहीण आहे, सांगायला हवं होतं. मी आतल्या खोलीत पाहिलं. आईने पलंगावर नवी चादर घातली होती आणि भिंतीकडे दुसरी उशी ठेवली होती.

"नोको," मी म्हटलं. "मले नाही लागत."